दोन घरांचे दोन चष्मे

शनिवारी दुपारी तीन वाजता आप्पांनी दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलं. पंचेचाळीस वर्षांच्या चष्म्याच्या धंद्यात भरदिवसा शटर ओढायची ही तिसरी वेळ. पहिली, बायको वारली तेव्हा, दुसरी लेकाच्या घटस्फोटाचा निकाल लागला त्या दिवशी. समोरच्या कुलूपवाल्याने लगेच मान बाहेर काढून विचारलं, "काय हो, आज काय झालं?" या माणसाचं स्वतःच्या कुलपांपेक्षा दुसऱ्यांच्या शटरवरच जास्त लक्ष. "काही नाही, घरचं काम आहे," असं म्हणून आप्पा वाकून आत शिरले. वाकताना कमरेत चमक भरली आणि तिचा रागही त्यांनी कुलूपवाल्यावरच काढला, अर्थात मनातल्या मनात.

आत, पडद्यामागच्या तपासणीच्या लांबोडक्या खोलीत, तिघं बसली होती. आप्पांचा मुलगा, मुलगी आणि दोन वर्षांपूर्वीपर्यंतची सून.

आप्पांची नात भिंगरी जन्मली त्या दिवसापासून या घरातल्या सगळ्यांची नावं पुसली गेली होती. आप्पांची बायको आजी झाली, मुलगा बाबा झाला, सून आई झाली, मुलगी आत्या झाली. आप्पा आधीपासूनच आप्पा होते म्हणून तेवढे वाचले. कोर्टाच्या कागदावर सगळ्यांची खरी नावं छापून आली तेव्हा आप्पांना क्षणभर, ही माणसं कोण, असं झालं होतं. त्या कागदाने सून वजा केली. पण आई कशी वजा करणार? त्यामुळे ती या घरात अजून आईच होती. आत्या तर तिला अजून वहिनीच म्हणायची. दुसरं काय म्हणायचं ते तिला कोणी सांगितलं नव्हतं, आणि सांगितलं असतं तरी तिने ऐकलं नसतं.

"आप्पा, मी भांडायला आलेली नाही," आई म्हणाली. ती एवढ्यात उठून उभी राहिली होती.

"मग बस की. उभी का?"

ती बसली. बस डेपोत वेळापत्रकं आखायचं तिचं काम. कुठली गाडी कुठल्या थांब्यावर किती वाजता, हे तिच्या कागदावर ठरायचं आणि शहर तसं चालायचं. दोन वर्षांपूर्वी लग्न मोडलं तेव्हा तिने लेकीचंही असंच वेळापत्रक आखलं होतं. बुधवारी चार ते शनिवारी चार बाबाकडे, दुकानाच्या वरच्या दोन खोल्यांत. शनिवारी चार ते बुधवारी चार आईकडे. देवाणघेवाण दुकानाच्या काउंटरवर, कारण कोणीही कोणाच्या घराची पायरी चढायची नाही असं ठरलं होतं. आणि जिथलं तिथे. ब्रश दोन, चपला दोन, कंपासपेट्या दोन.

चष्मेही दोन. पहिल्याच महिन्यात चष्मा आईकडे राहिला, त्यावरून फोनवर पाऊण तास भांडण झालं आणि पोरगी दोन दिवस शाळेत पहिल्या बाकावर डोळे किलकिले करत बसली. तेव्हा आप्पांनी एका दिवसात दोन चष्मे बनवले. एकाच नंबरच्या काचा, एकाच हाताने घासलेल्या. निळी फ्रेम आईच्या घरची, तपकिरी बाबाच्या घरची. दर बुधवारी आणि शनिवारी भिंगरी काउंटरपाशी उभी राहून एक उतरवायची, दुसरा चढवायची आणि मग जिच्या तिच्या नाहीतर ज्याच्या त्याच्या हाताला धरून निघून जायची. आता ती नऊ वर्षांची होती आणि पडद्याच्या पलीकडे, दुकानाच्या दर्शनी भागात, फ्रेमी रंगवार लावत बसली होती. निदान तिला तेवढंच करायला सांगितलं होतं.

आईने फाईलमधून एक कागद काढला आणि तपासणीच्या टेबलावर उलगडला. आठ आठवड्यांचे चौकोन, पट्टीने आखलेले. त्यात लाल ठिपके.

"प्रत्येक ठिपका म्हणजे डोकेदुखी," ती म्हणाली. "तेरा ठिपके आहेत. सगळे गुरुवारी नाहीतर शुक्रवारी. सोमवारी एक नाही, मंगळवारी एक नाही. शाळेतून बाईंची चिठ्ठी आली आहे. गुरुवारी ती दुसऱ्या तासालाच डोकं धरून बसते."

"ठिपके तूच काढलेस ना पण, वहिनी?" आत्या म्हणाली. ती तलावावर पोहायला शिकवायची, आणि आयुष्यभर पाण्यापलीकडच्या माणसांशी बोलल्यामुळे तिला हळू बोलता येत नव्हतं. पडद्यापलीकडे फ्रेमींचा आवाज थांबला.

"हळू," बाबा म्हणाला.

"शाळेने कळवले तेवढेच काढलेत, ताई. माझ्या मनाचा एकही नाही."

आत्याला ते खरं वाटलं. तिची पंचाईतच ही होती की वहिनीचं तिला बहुतेक वेळा खरं वाटायचं. सांगायला ती भावाच्या बाजूने येऊन बसली होती, पण गुरुवारीच वहिनीचा फोन आला होता आणि तिने तासभर, "बरोबर आहे तुझं," असं म्हणून घेतलं होतं. आता दोन्हीकडून बोलायची वेळ आली तर कुठे तोंड लपवायचं, या विचाराने ती स्टुलावर चुळबुळ करत होती.

"आणि आप्पा," आई पुढे म्हणाली, "तुम्हीच तिला तपासलंत. दीड महिन्यापूर्वी. तुम्हीच मला काउंटरवर सांगितलंत, नंबर तसाच आहे, हे डोळ्यांचं नाही, मनाचं आहे. तुमचे शब्द आहेत."

आप्पांनी मान डोलावली. शब्द त्यांचेच होते आणि ते त्यांनी जरा ऐटीतच उच्चारले होते. तक्त्याची शेवटची ओळ पोरीने घडाघडा वाचली होती.

"मग मनाचं असेल तर मन कुठे लागत नाही ते दिसतंय इथे." तिने ठिपक्यांवर बोट ठेवलं. मग फाईलमधून दुसरा कागद निघाला. तो टाईप केलेला होता. "शाळेचे सगळे दिवस माझ्याकडे. रविवारी सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा इथे. दोघांची सही झाली की वकील पुढचं बघतील."

"म्हणजे आठवड्यात नऊ तास," आप्पा म्हणाले.

"मला आनंद नाही होत, आप्पा."

"नसेल."

बाबा त्या कागदाकडे बघत होता. वाचत नव्हता. सगळ्यांना वाटत होतं की तो आता काहीतरी बोलेल, आणि त्यालाही तसंच वाटत होतं. पण त्याच्या डोळ्यांसमोर वेगळंच काही होतं. बुधवारी रात्रीचं जेवण झालं की भिंगरी पलंगावर अभ्यासाला बसायची आणि तो ओट्याशी भांडी घासायचा. मधूनच वळून तो तिच्याकडे बघायचा, तर ती कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून त्याच्याचकडे बघत असायची. नऊ वर्षांच्या पोरीच्या कपाळाला एवढ्या आठ्या त्याने कुठे पाहिल्या नव्हत्या. "काय झालं गं?" विचारलं की "काही नाही," म्हणायची. त्याने वेण्या घालायला शिकून घेतलं होतं. गोष्टी वाचून दाखवायचा, तिच्यासाठी पडदे बदलले होते, खिडकीशी झाड आणून ठेवलं होतं. तरी दर बुधवारी त्या आठ्या. आपल्याकडे येणं तिला आवडत नाही, एवढं समजायला त्याला ठिपक्यांची गरज नव्हती.

"पेन आहे का?" त्याने विचारलं.

"अरे!" आत्या उठलीच. "वाचशील तरी आधी!"

"काय वाचायचं, ताई? तिला त्रास होतोय. माझ्यापायी होतोय. चालेल मला."

चालेल. आईने डोळे मिटून घेतले. या एका शब्दाशी तिने अकरा वर्षं संसार केला होता. पडद्यांचा रंग? चालेल. दुसऱ्या शहरात नोकरी? चालेल. आपण वेगळं होऊ या? हेही तिने एका रविवारी दुपारी, खरं तर नुसतं बघायचं म्हणून विचारलं होतं. तो खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, तुला तसं वाटत असेल तर चालेल. त्या दिवशी तो "नाही" म्हणाला असता, आरडाओरडा केला असता, एखादी बशी फोडली असती, तरी ती थांबली असती. हे तिने कोणाला सांगितलं नव्हतं. आता सांगून उपयोगही नव्हता.

"वहिनी, तूच सांग याला," आत्या म्हणाली, "दोन वर्षांपूर्वीपण हा असाच म्हणाला होता. तेव्हा मी गप्प बसले. माझी चूक झाली."

"ताई, गुरुवारी फोनवर तुम्हीच म्हणालात की..."

"म्हणाले! म्हणाले मी. फोनवर माणूस काहीही म्हणतो!"

बाबाने बहिणीकडे पाहिलं. "तुम्ही फोनवर बोलता?"

आईने पेन पुढे केलं.

आप्पा या सगळ्यात नव्हते. घरात आवाज चढले की हाताला लागेल तो चष्मा पुसत बसायची त्यांची सवय. आजी म्हणायची, तुमच्याशी भांडलं की निदान चष्मे तरी स्वच्छ होतात. आज हाताला निळा चष्मा लागला. देवाणघेवाणीसाठी आईने तो केसमधून काढून टेबलावर ठेवला होता. आप्पांनी काचेवर तोंडाची वाफ सोडली, रुमालाने पुसलं आणि डाग राहिला का ते बघायला चष्मा डोळ्यांपुढे हातभर लांब धरून हलवला.

खिडकीचा गज पळाला.

काचेचा माणूस यंत्राशिवायही नंबर ओळखतो. असल्या उणे नंबरच्या काचेतून एखादी उभी रेघ बघायची आणि काच डावी-उजवीकडे सरकवायची. रेघ काचेबरोबर पळते. नंबर जितका जास्त तितकी जास्त. या काचेतला गज आप्पांनी बसवलेल्या काचेतल्यापेक्षा फार पळत होता. त्यांनी पुन्हा हलवला. मग पडद्याआड हात घालून म्हणाले, "भिंगरी, तुझा दे बघू जरा." तपकिरी चष्मा त्यांच्या हातात आला. तोही हलवला. हा आपला, ओळखीचा, सावकाश हलणारा.

"ही काच माझी नाही," ते म्हणाले.

बाबाचं पेन कागदावर टेकलं होतं. "काय?"

"निळ्यातली काच. माझी नाही ही. कोणी बसवली?"

आईचे कान लाल झाले. "मी बसवून आणली. आठ महिने झाले. तिला फळा दिसत नव्हता, म्हणून डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. त्यांनी नंबर वाढवला."

"दवाखान्यात? घरात पंचेचाळीस वर्षांचं दुकान असताना?"

"कोणाच्या घरात, आप्पा?"

एवढं बोलून तिलाच वाईट वाटलं. पण ते खरं होतं. त्या दिवशी ती दुकानाच्या कोपऱ्यापर्यंत आली होती, भिंगरीचा हात धरून. मंगळवार होता, म्हणजे तिचा दिवस. आपल्या दिवशी आपण त्या दारात मागायला का जायचं, असं मनात आलं आणि ती तिथूनच रिक्षात बसली.

"पण मी लपवलं नाही," ती घाईने म्हणाली. "वहीत लिहिलं होतं. नंबर, तारीख, सगळं. दुसरी काच तुम्हीच बसवाल असं वाटलं मला. तुमच्या हातची काच मी बाहेर कशाला करू?"

वही भिंगरीच्या दप्तरात असायची. दोन्ही घरांना एकमेकांशी बोलावं लागू नये म्हणून कोर्टातल्या समुपदेशक बाईंनी सुचवलेली युक्ती. बाबाने दप्तर ओढून ती काढली आणि पानं उलटली. पांढरे मोजे परत आलेले नाहीत. खोकल्याचं औषध अर्धंच दिलं गेलं. मागचे दात घासले जात नाहीत, लक्ष द्यावे. नखं. पुन्हा मोजे. प्रत्येक पानाच्या खाली त्याची बरोबरची खूण, वाचल्याची पोच म्हणून. आणि मधल्या एका पानावर, दोनदा अधोरेखित केलेलं: नंबर वाढला आहे. दोन्ही डोळे उणे सव्वादोन. तपकिरी चष्म्याची काच बदलून घ्यावी, जरुरीचे आहे.

त्याखाली त्याचीच खूण होती. नेहमीपेक्षा जरा मोठी.

"मी..." बाबा म्हणाला. "मी वाचायचं सोडलं होतं. पहिली वीस पानं वाचली. मग नुसत्या खुणा."

"आठ महिने?" आत्याचा आवाज पहिल्यांदाच हळू झाला होता. "आठ महिने पोरगी इथे असली की तिला धड दिसत नाही?"

"पण मी तपासलं ना!" आप्पा उठले. "मी तपासलं तिला! याच खुर्चीत. शेवटची ओळ वाचली तिने, एक अक्षर चुकलं नाही. भिंगरी! इकडे ये."

पडदा इतक्या पटकन सरकला की ती पलीकडे काय करत होती ते सगळ्यांना कळलं. चष्मा आप्पांकडे असल्यामुळे ती डोळे बारीक करून, कपाळाला आठ्या घालून उभी होती. बाबाने तिच्या कपाळाकडे पाहिलं. दर बुधवारच्या त्याच आठ्या होत्या त्या.

आप्पांनी तपकिरी चष्मा तिच्या नाकावर चढवला आणि तिला उंच खुर्चीत बसवलं. खोलीच्या दुसऱ्या टोकाला अक्षरांचा तक्ता होता. आप्पांनी दुकान काढलं तेव्हापासूनचा, पिवळा पडलेला.

"शेवटची ओळ वाच."

"न, ट, ग, ल, प, र, स."

"बघा," आप्पा म्हणाले. पण स्वतःच बघायचे थांबले. भिंगरीने उत्तर द्यायला वेळच घेतला नव्हता. त्यांनी मागून दोन्ही तळवे हळूच तिच्या चष्म्यावर ठेवले. "आता वाच."

"न, ट, ग, ल..." आणि ती थांबली. आपण काय केलं ते तिला कळलं होतं.

आप्पांचे हात तिथेच राहिले. याच तक्त्यावर त्यांनी तिला अक्षरं शिकवली होती. दोन वर्षांची असल्यापासून ती या खुर्चीच्या पायाशी खेळायची आणि गिऱ्हाईक अडखळलं की खालून उत्तर सांगायची. लोक हसायचे आणि आप्पांची छाती फुगायची. तीन वर्षांपूर्वी लेक म्हणाला होता, आप्पा, कॉम्प्युटरचं मशीन घेऊ, आपोआप नंबर निघतो. आप्पा म्हणाले होते, माझ्या डोळ्यांपुढे मशीन काय करणार. आणि दीड महिन्यापूर्वी याच तोंडाने त्यांनी सांगितलं होतं की हे मनाचं आहे. त्यांच्या त्या एका वाक्यावर हा सगळा कागद टाईप झाला होता.

"मी दाखला दिला," ते म्हणाले. "माझ्या नातीला माझ्या घरातून काढायचा दाखला मीच दिला."

"आप्पा, तुम्ही नका..." आत्या म्हणाली.

आई खुर्चीपाशी गुडघ्यावर बसली होती. "अगं पण सांगायचं नाही का? इथल्या चष्म्यातून दिसत नाही म्हणून?"

भिंगरी बुटाचं टोक दुसऱ्या बुटावर घासत राहिली.

"सांग ना. कोणी रागावणार नाही."

"बाबाला वाटलं असतं, आईचा चष्मा चांगला आहे," ती म्हणाली. "आणि नंबर वाढला की बाबा म्हणतो, आईकडे टीव्ही फार होतो. मग तू वहीत लिहितेस." ती थोडं थांबली. "डोकं थोडंसंच दुखतं. शनिवारी थांबतं."

आईने मान खाली घातली. तेरा ठिपके. प्रत्येक ठिपका तिने लाल पेनने, पट्टी लावून, चौकोनाच्या बरोबर मध्यावर काढला होता. शाळेतून फोन आला की आधी काळजी वाटायची. आणि मग, काळजीच्या जरा मागून, बरं वाटायचं. आणखी एक झाला, असं वाटायचं. आपलं पोर तिकडे डोकं धरून बसलं आहे आणि इकडे आपल्याला बरं वाटतंय, हे तिला तेव्हा दिसलं नव्हतं. आता ते दिसलं आणि तिला भिंगरीच्या तोंडाकडे बघवेना.

"माझं चुकलं," ती म्हणाली. कोणाला म्हणाली ते स्पष्ट नव्हतं.

"वही मी वाचली नाही," बाबा म्हणाला. "तू लिहिलं होतंस."

"मी दारात येऊन सांगायला हवं होतं. कोपऱ्यापर्यंत आले होते मी."

"यायचं होतंस."

"हो."

आत्याने तोंडावर हात ठेवला. दोन वर्षांत या दोघांनी एकमेकांशी बोललेली ही पहिली सरळ वाक्यं होती, आणि ती एवढी साधी असू शकत होती याचंच तिला रडू यायला लागलं.

मग बाबाने तो टाईप केलेला कागद दूर सारला. कागदावर त्याच्या नावाचं पहिलं अक्षर अर्धं उमटलं होतं. "मी सही करत नाही," तो म्हणाला. असलं बोलायची त्याला सवय नव्हती. "मला नाही चालणार हे. मला ती हवी आहे. बुधवार ते शनिवार, ठरलंय तसं."

आईने त्याच्याकडे पाहिलं. दोन वर्षं उशिरा, तिच्या मनात आलं. तिच्यासाठी नाही म्हणाला तो, लेकीसाठी म्हणाला. तेही बरोबरच होतं. तिने नुसती मान हलवली.

"बोलणी पुरे," आप्पा म्हणाले. "आधी पोरीला दिसू दे." कपाटाच्या तळातून त्यांनी एक गुंडाळी काढली. अक्षरओळख नसलेल्या गिऱ्हाइकांचा तक्ता होता तो. त्यावर अक्षरं नव्हती. तीन दांड्यांची एकच खूण, कधी वर तोंड केलेली, कधी खाली, कधी आडवी. दांड्या जिकडे असतील तिकडे बोटांनी दाखवायचं. हा भिंगरीने कधी पाहिला नव्हता. आत्याने स्टुलावर चढून तो जुन्या तक्त्यावर टांगला.

तपकिरी चष्म्यातून भिंगरीला वरच्या तीन ओळी दिसल्या. चौथ्या ओळीला तिने बोटं वर केली, मग खाली केली, मग आप्पांकडे बघितलं.

"नंबर लिहायला कागद द्या कोणीतरी," आप्पा म्हणाले.

आईने टेबलावरचा टाईप केलेला कागद उचलला, पालथा केला आणि त्यांच्यापुढे ठेवला.

आप्पांनी चाचणीची जड गोल फ्रेम भिंगरीच्या नाकावर ठेवली, डावा डोळा झाकला आणि उजव्यापुढे एक काच घातली. मग ती काढून दुसरी घातली. रोज चाळीसदा विचारायचे तेच विचारलं, "हे बरं, की आधीचं बरं?"

"दोन्ही सारखंच," भिंगरी म्हणाली.

आप्पांनी काचा पुन्हा बदलल्या. या दोन काचांत सारखं असणं शक्यच नव्हतं. "नीट बघ. पहिलं? की दुसरं?"

"दोन्ही छान आहेत, आप्पा."

दीड महिन्यापूर्वीही ती हेच म्हणाली होती, आणि त्यांनी ते खरं मानलं होतं. आता त्यांनी पाहिलं की उत्तर देण्याआधी तिचा उघडा डोळा तक्त्याकडे जात नव्हता. आधी बाकावरच्या बाबाकडे जात होता, मग खुर्चीशी बसलेल्या आईकडे. तिला दोन वर्षं सगळेच विचारत आले होते, इकडे बरं वाटतं की तिकडे. शेजारी, बाई, कोर्टातली बाई, कधी आत्या. एकदा, लाडात येऊन, ते स्वतःसुद्धा.

"तुम्ही दोघं उठा," आप्पा म्हणाले. "त्या भिंतीकडे तोंड करून उभे राहा. वळायचं नाही."

"आप्पा, काय हे," बाबा म्हणाला.

"उभे राहा म्हणतो ना!"

दोघं उठली. जागा कपाट आणि दाराच्या मध्ये वीतभर होती, त्यामुळे शिक्षा झालेल्या मुलांसारखं त्यांना खांद्याला खांदा लावून उभं राहावं लागलं. आत्याही न सांगता भिंतीकडे वळली. आप्पांनी आवाज अगदी खाली आणला.

"आता तुझ्याकडे कोणी बघत नाही. मीसुद्धा नाही. फक्त काच. कोणाला वाईट वाटत नाही. पहिली..." त्यांनी काच घातली. बदलली. "की दुसरी?"

भिंगरीने तक्त्याकडे पाहिलं. बराच वेळ पाहिलं. तिच्या कपाळावरच्या आठ्या एकेक करून गेल्या.

"दुसरी," ती म्हणाली.

आणि लगेच, त्या जड फ्रेमसकट मान वळवून, भिंतीकडच्या दोन पाठींकडे बघत तिने घाबरून विचारलं, "कोणाची होती ती?"

त्या दोघांना वळायला परवानगी नव्हती, आणि असती तरी वळता आलं नसतं.

"तुझी गं," आप्पा म्हणाले, आणि पालथ्या कागदावर त्यांनी उजव्या डोळ्याचा नंबर लिहिला.